मास्तरांचा गुपचूप सत्कार

गुपित ठेवावं तर ते मी! स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हणून हसू नका. विम्याच्या कचेरीत बावीस वर्षं काढली आहेत. कोणाला काय दुखतं, कोणाचं वजन किती, फॉर्मात कोणी किती वर्षं वय चोरलं, सगळं माझ्या पोटात आहे. चकार शब्द बाहेर गेलेला नाही. (आमच्या साहेबांचं वजन एकशे चार किलो आहे हे मी सांगितलं नव्हतं. ते आपोआप पसरलं.)

त्यामुळे आमच्या टेनिस क्लबच्या बैठकीत मास्तरांचा गुपचूप सत्कार करायचं ठरलं, तेव्हा सेक्रेटरी या नात्याने मी छाती पुढे काढून म्हणालो, "सगळं माझ्यावर सोडा! या कानाचं त्या कानाला कळणार नाही!"

मागच्या रांगेत माझी बायको बसली होती. तिने फक्त एक लांबलचक उसासा सोडला. लग्नाला अठरा वर्षं झाली की बायकोचा उसासा वाचता यायला हवा. मला अजून येत नाही.

मास्तर म्हणजे आमच्या क्लबचे मास्तर. शाळेतले नव्हेत. बस डेपोत फिटर होते, तिथून निवृत्त झाले. पण चौतीस वर्षं आमच्या त्या एकुलत्या एक लाल मातीच्या कोर्टावर रोज सकाळी रोलर फिरवणार ते, संध्याकाळी पाणी मारणार ते, जाळं फाटलं की शिवणार ते, रॅकेटच्या तारा ओढणार ते. आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या हातात पहिली रॅकेट देऊन "मनगट सैल, नजर चेंडूवर!" म्हणून ओरडणारही तेच. माझी बायको आठ वर्षांची असताना त्यांच्याकडे शिकली. अजूनही घरात मी काही फेकलं की ती ज्या सफाईने परतवते, ती सगळी मास्तरांची कृपा.

आता मास्तरांचा गुडघा गेला होता, आणि सोमवारच्या बसने ते कायमचे दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला निघाले होते. म्हणजे सत्कार करायचा तर रविवारी. नाहीतर कधीच नाही.

"चौतीस वर्षांत त्या माणसाला कोणी साधं थँक्यू म्हटलेलं नाही," बायको मला घरी म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळाच झाला होता. "त्यांनी आपल्यासाठी काय केलंय हे त्यांना एकदा तरी कळलं पाहिजे. तसेच निघून गेले ना, तर मी तुम्हाला माफ करणार नाही."

"मला? मी काय केलं?"

"अजून काही नाही. रविवारला चार दिवस आहेत."

गुपचूप का, तर मास्तरांना सत्काराचं वावडं. तीनदा प्रयत्न झाले होते. पहिल्यांदा ते दाढ दुखतेय म्हणून आले नाहीत. दुसऱ्यांदा आले, पण रोलरच्या शेडमध्ये लपून बसले. तिसऱ्यांदा त्यांना धरून माइकपर्यंत आणलं, तर "आज आपण नव्या जाळ्याचं स्वागत करू या" म्हणून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि पुष्पगुच्छ जाळ्याच्या खांबाला बांधून घरी गेले. म्हणून यंदा ठरलं की पत्ताच लागू द्यायचा नाही. थेट पाटीवरचं कापड ओढायचं, आणि खाली पाटीवर मोठ्या अक्षरांत 'मास्तर कोर्ट'! कोर्टालाच त्यांचं नाव! पळून पळून पळतील कुठे?

योजना झकास होती. अडचण फक्त एकच निघाली. आमच्या क्लबात मास्तरांना विचारल्याशिवाय खुर्चीसुद्धा हलत नाही!

खुर्च्या स्टोअररूममध्ये. स्टोअररूमची किल्ली माझ्याकडे आहे, पण ते कुलूप किल्लीने उघडतच नाही, त्याला मास्तरांचा खांदा लागतो. माइक आहे, पण त्याची वायर कुठल्या कोनात वाकवली की आवाज येतो ते फक्त मास्तरांना ठाऊक. टेबल आहे, त्याचा चौथा पाय मास्तरांच्या घरी आहे. ज्या माणसाला काही कळू द्यायचं नाही, प्रत्येक गोष्ट त्याच माणसाकडे मागायची!

बुधवारी संध्याकाळी मी सहज आल्यासारखा गेलो. मास्तर पाइप गुंडाळत होते.

"मास्तर, रविवारी ऐंशी खुर्च्या लागतील."

"ऐंशी? कशाला?"

या प्रश्नाची तयारी मी केलीच नव्हती! "छोटासा कार्यक्रम आहे," मी म्हणालो. "सत्कार."

मास्तरांचे हात थांबले. भुवया वर गेल्या. एक पाय आपोआप गेटच्या दिशेने वळला. "कोणाचा सत्कार?"

मी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात समोर कोर्टावर आमच्या दातांच्या डॉक्टरांनी सर्व्हिस केली. चेंडू जाळ्यात गेला. दुसरी केली. चेंडू भिंतीपलीकडे शेजारच्यांच्या कपड्यांच्या दोरीवर गेला.

"डॉक्टरांचा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग परत डॉक्टरांकडे. "टेनिससाठी?"

"म्हणजे... योगदान. त्यांनी ते जाळं दिलं होतं ना."

"हां. दिलं होतं. एक." मास्तरांनी पाइपचा आणखी एक वेढा घातला. मला वाटलं, आता म्हणतील, चौतीस वर्षं माती मी तुडवली आणि सत्कार याचा? पण छे! त्यांचा चेहरा खुलला. "उत्तम! कोणाचं तरी कौतुक होतंय ना, मग नीट करू या. जायच्या आधी एक चांगला कार्यक्रम बघून जाईन. तू काळजी करू नकोस, सेक्रेटरी. सगळं माझ्यावर सोड!"

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिने पुन्हा तोच उसासा सोडला.

"अगं, उलट बरंच झालं! आता त्यांना संशय येणारच नाही."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरांना कोण सांगणार आहे?"

डॉक्टरांना मास्तरांनीच सांगितलं. गुरुवारी सकाळी, दवाखान्यात जाऊन, हात हातात घेऊन अभिनंदन करून! आणि डॉक्टरांना सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. दिवसाला वीस माणसं त्यांच्यासमोर आ वासून बसतात. कोणी मध्ये बोलत नाही, कोणी उठून जात नाही. शुक्रवारपर्यंत डॉक्टरांच्या सत्काराची बातमी दाढेदाढेत पोचली.

मग माझ्याकडे रांग लागली. वर्तमानपत्रवाला आला, शिंपी आला, शाळेतल्या बाई आल्या. सगळे मास्तरांचे जुने विद्यार्थी, सगळे लालबुंद!

"डॉक्टरांचा सत्कार? मास्तर असताना? लाज वाटत नाही?"

मी प्रत्येकाला कोपऱ्यात घेऊन हळूच सांगितलं, "खरं तर मास्तरांचाच आहे. फक्त तुम्हालाच सांगतोय. कोणाला बोलू नका." अशा तऱ्हेने मी फक्त एकेकालाच, म्हणजे एकूण त्रेपन्न जणांना सांगितलं. शनिवारी परिस्थिती अशी होती की सत्कार कोणाचा आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मास्तरांना आणि डॉक्टरांना!

"आजच्या आज डॉक्टरांना जाऊन खरं सांगा," बायकोने फर्मान काढलं. "तो माणूस उद्या स्टेजवर चढला तर मास्तर टाळ्या वाजवून निघून जातील. मग बसा बोंबलत."

मी शनिवारी दुपारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दारातच मिठी मारली. "या, या, सेक्रेटरीसाहेब! बसा!" बसायला जागा एकच होती. ती खुर्ची. मी टेकलो मात्र, खुर्ची मागे गेली, डोक्यावर दिवा लागला. "आ करा. आलाच आहात तर बघून घेतो."

"डॉक्टर, उद्याचा सत्का..."

"आ करा!"

मग तोंडात आरसा, कापूस आणि पाण्याची नळी. "तुमची ही खालची दाढ बघा, केव्हाची वाट बघतेय! बरं, मी भाषण लिहिलंय. चौदा पानं. ऐका."

"आऽऽ! आँऽऽ!"

"भावना समजतात मला," डॉक्टर म्हणाले. एका हातात यंत्र, दुसऱ्या हातात कागद. मध्येच ते थांबले. चष्मा काढून पुसला. "खरं सांगू? इतकी वर्षं प्रॅक्टिस करतोय. माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस कधी एकदा सुटतो म्हणून बघत असतो. कोणी माझ्यासाठी ऐंशी खुर्च्या मांडतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय हो."

आता तुम्हीच सांगा, यावर काय बोलणार? शिवाय अर्धा जबडा बधिर! मी एक दाढ भरून आणि तोंड मिटून घरी आलो. बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी गालाकडे बोट दाखवलं. तिने उसासासुद्धा सोडला नाही. सरळ आत गेली आणि कपाट जोरात लावलं.

रविवार उजाडला. पाटी मी मुद्दाम बाहेरच्या पेंटरला दिली होती, कारण क्लबच्या सगळ्या पाट्या आजवर मास्तरच रंगवत आले. पेंटरला मी बजावलं होतं, पाटी माझ्या घरी आणून द्यायची. पण क्लबचा माल मास्तरांच्या हातात द्यायचा ही गावातल्या प्रत्येक दुकानदाराची वर्षानुवर्षांची सवय. मी घरी वाट बघत बसलो. अकरा वाजता क्लबवर धावलो तर पाटी केव्हाच भिंतीवर चढलेली, तिच्यावर पांढरं कापड, दोरी जागच्या जागी. मास्तर खाली उभे, हाताला रंग लागलेला.

"पाटी... बघितलीत?" मी धापा टाकत विचारलं.

"बघितली ना. तू निश्चिंत राहा," असं म्हणून मास्तरांनी चक्क डोळा मारला.

म्हणजे त्यांना कळलं! आणि तरी पळाले नाहीत! मी घरी जाऊन बायकोला म्हणालो, "जमलं! मास्तरांनी पाटी बघितली आणि डोळा मारला!" ती चार दिवसांत पहिल्यांदा हसली. आम्ही दोघं जेवलोसुद्धा पोटभर.

पाच वाजता कार्यक्रम. खुर्च्या कोर्टाच्या कडेच्या पट्ट्यात, अगदी भिंतीपर्यंत, दाटीवाटीने मांडल्या होत्या. ऐंशी खुर्च्या, शंभर माणसं. सगळे बसल्यावर मास्तरांनी कोर्टावर पाणी मारून घेतलं, म्हणजे पाहुण्यांच्या अंगावर धूळ नको. लाल माती ओलीचिंब चमकत होती. ओल्या कोर्टावर दीड तास पाऊल टाकायचं नाही, हा मास्तरांचा कायदा. चौतीस वर्षांत तो कोणी मोडलेला नाही. एकदा आमच्या अध्यक्षबाईंची पर्स मध्यभागी पडली होती, तीसुद्धा दीड तास तिथेच होती.

अध्यक्षबाई माइकवर आल्या. "आज आपण अशा व्यक्तीचा सन्मान करतोय, जिने वर्षानुवर्षं निःस्वार्थपणे या कोर्टाची सेवा केली..."

'निःस्वार्थपणे' ऐकताच डॉक्टर उठले. नवा सूट, खिशात रुमाल, हातात चौदा पानं. ताडताड स्टेजवर चढले आणि हात जोडून उभे राहिले! माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सगळ्यात मागे स्विचपाशी उभे असलेले मास्तर मात्र जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवत होते. एकटेच.

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, काही हरकत नाही, पाटी आहे ना! पाटीवर स्वच्छ लिहिलंय! "ओढा!" मी ओरडलो. बाईंनी दोरी ओढली. कापड खाली आलं.

'डॉक्टर कोर्ट'.

सुबक, गोलाई साधलेली, ठसठशीत अक्षरं. मास्तरांची अक्षरं! शंभर माना पाटीकडून माझ्याकडे वळल्या. डॉक्टरांनी डोळ्यांना रुमाल लावला.

मास्तर लंगडत माझ्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "वाचवलं बघ तुला! तो तुझा पेंटर, कसला आंधळा माणूस! डॉक्टरांच्या जागी चक्क माझं नाव लिहून आणलं होतं त्यानं! बरं झालं मी उघडून बघितलं. केवढी शोभा झाली असती! बसलो आणि दुरुस्त करून टाकलं. पण मला एक कळेना, त्याला माझं नाव सुचलं कसं?"

काय सांगू तुम्हाला! स्वतःचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत समोर आलं, आणि या माणसाला वाटलं, पेंटरची चूक! बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला खरोखर गप्प बसता आलं, आणि तेही नको तेव्हा!

माझ्या शेजारून काहीतरी सणकन गेलं. बायको होती ती. तिने अध्यक्षबाईंच्या हातातून माइक घेतला. वायर एका झटक्यात बरोबर कोनात वाकवली.

"ज्यांच्या हातात पहिली रॅकेट मास्तरांनी दिली," ती म्हणाली, "त्यांनी फक्त उभं राहावं."

सगळ्यात आधी शिंपी उठला. मग शाळेतल्या बाई. वर्तमानपत्रवाला आणि त्याची दोन्ही मुलं. मग खुर्च्यांचा असा आवाज झाला की विचारू नका. अख्खी गर्दी उभी! अध्यक्षबाई उभ्या होत्याच, त्यांनी हात वर केला. स्टेजवर डॉक्टर चुळबुळले, आणि मग त्यांनीही हळूच हात वर केला.

"मास्तर," बायकोचा आवाज कापत होता, "पेंटरने चूक केली नव्हती."

मास्तरांनी शंभर माणसांकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. आणि वळून गेटकडे सुटले! पण कडेचा पट्टा खुर्च्यांनी आणि माणसांनी भरलेला. गेटकडे जायला एकच वाट, ती ओल्या कोर्टावरून. मास्तर पांढऱ्या रेषेपाशी पोचले. एक पाय उचलला. खाली ओल्या मातीकडे पाहिलं. गेटकडे पाहिलं. पुन्हा मातीकडे पाहिलं. आणि पाय मागे घेतला.

दीड तास म्हणजे दीड तास! मग काय, टाळ्या अशा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. मास्तर रेषेवर पाठमोरे उभे राहून पाइप गुंडाळायला लागले. पाइप आधीच गुंडाळलेला होता. त्यांनी तो उलगडून पुन्हा गुंडाळला.

डॉक्टर स्टेजवरून उतरले. मला वाटलं, आता हा माणूस माझे सगळेच दात काढणार. पण ते मास्तरांजवळ गेले. "मास्तर, माझी सर्व्हिस तुम्ही एकोणीस वर्षं बघताय. ती बघून माझा सत्कार होईल असं तुम्हाला वाटलं तरी कसं?"

"सुधारतेय," मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले. "हळूहळू."

हशा पिकला. चौदा पानी भाषण डॉक्टरांनी सोडलं नाहीच. फक्त जिथे जिथे 'मी' होतं तिथे 'मास्तर' घालून वाचलं. आणि खरं सांगतो, एक वाक्यसुद्धा चुकीचं वाटलं नाही. सत्काराला उत्तर म्हणून मास्तर इतकंच बोलले, "खुर्च्या उचलून न्या. ओढू नका." पण बोलताना त्यांनी दोनदा नाक पुसलं, आणि माझ्या बायकोच्या डोक्यावर बराच वेळ हात ठेवला. सोमवारी ते गेले.

पाटी मात्र राहिली. 'डॉक्टर कोर्ट'! डॉक्टर स्वतः तीनदा येऊन म्हणाले, "ते काढा हो, मला सर्व्हिस करताना दडपण येतं." पेंटरने खरवडून पाहिलं, टर्पेंटाइन लावून पाहिलं. तो रंग जाईना! त्या रंगात काय घातलंय हे जगात एकाच माणसाला माहीत. शेवटी मी त्यांनाच फोन लावला.

"मास्तर, पाटीवरचा तुमचा रंग कसा काढायचा?"

"कशाला काढायचा?"

पुन्हा तोच प्रश्न! पण या वेळी मी शहाणा झालो होतो. "पेंटरने मागे एक चूक केली होती ना," मी म्हणालो, "ती परत करायची आहे."

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"त्याचा 'म' वाकडा होता," शेवटी मास्तर म्हणाले. आवाज जरा घोगरा होता. "त्याला हात लावू देऊ नकोस. रविवारच्या बसने मीच येतो. आणि हे बघ सेक्रेटरी, येतोय हे कोणाला सांगायचं नाही. मला ते टाळ्याबिळ्या प्रकरण नको."

"या कानाचं त्या कानाला कळणार नाही, मास्तर!"

शब्द पाळला मी. बायकोची शपथ, फक्त एका माणसाला सांगितलं. रविवारी बसस्टँडवर टाळ्या वाजवायला दोनशे माणसं होती.

आता डॉक्टरांना सांगायला नको होतं, हे मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी खुर्चीत होतो आणि त्यांनी अजून "आ करा" म्हटलं नव्हतं.